पुढच्या स्प्रिंगमधले दोन ठोकळे

गाडी लिफ्टवर चढली आणि फोरमनबाईंनी टॉर्च मारून तिच्या पोटाखाली पाहिलं, तेव्हा त्यांना आधी हसूच फुटलं. पुढच्या दोन्ही स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत रबराचा एकेक ठोकळा घट्ट बसलेला होता. मुठीएवढा, काळा, त्यावर पिवळी फीत, आणि फितीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं: चालवण्यापूर्वी काढा.

कारखान्यातून गाड्या ट्रकवर बांधून येतात. वाटेत त्या उड्या मारू लागल्या तर पट्टे सैल होतात, म्हणून स्प्रिंगमध्ये हे ठोकळे कोंबायचे, म्हणजे गाडी मुकाट उभी राहते. शोरूममध्ये आल्यावर ते काढायचे आणि मगच तिला रस्त्यावर न्यायचं. हे कळायला इंजिनीअर व्हावं लागत नाही, फीत वाचता आली की पुरे. फोरमनबाईंच्या तपासणीच्या कागदावर एकेचाळीस कलमं होती, त्यात ठोकळ्यांचं चौथं. अख्खी तपासणी व्हायला अर्धा दिवस जायचा, आणि कागदाखाली बाईंची सही पडल्याशिवाय कुठलीही गाडी फाटकाबाहेर जायची नाही, अशी तिथली पद्धत होती. एकोणीस वर्षांत बाईंनी ती सही कुणाच्या घाईसाठी केली नव्हती.

या तपकिरी गाडीवर मात्र ती सही नव्हती. बारा दिवसांपूर्वी बाई जेवायला गेल्या असताना सेल्स मॅनेजर किल्ली घेऊन गेले होते आणि कागदावर स्वतःच काहीतरी गिरगटून मोकळे झाले होते. वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे टायसाहेब म्हणत, कारण उन्हाळ्यातसुद्धा त्यांच्या गळ्यातला टाय सुटत नसे. त्यांची घाई एका पाहुण्यासाठी होती. पाहुणा म्हणजे मोठी असामी. इंटरनेटवर गाड्यांची परीक्षा घेणारा, नऊ लाख लोक ज्याचे व्हिडिओ बघतात तो. त्याचे भक्त त्याला स्टिअरिंगसम्राट म्हणत. यंत्रांची मोजमापं आपल्याला लागत नाहीत, आपण गाडी कंबरेने वाचतो, असं तो प्रत्येक व्हिडिओत एकदा तरी सांगायचा.

त्या कंबरेने यंदा तीन आलिशान एसयूव्हींची तुलना केली होती. काळी, पांढरी आणि ही तपकिरी. अठरा मिनिटांचा व्हिडिओ. काळीचं नाक ब्रेक मारला की खाली जातं, पांढरी वळणावर बाजूला झुकते, आणि तपकिरी? "हिचं अंग हलत नाही, मित्रांनो. एवढं धूड, पण रुळावरून धावल्यासारखं. सस्पेन्शनमध्ये इंजिनीअरांनी काहीतरी वेगळंच करून ठेवलंय."

वेगळंच होतं खरं. फक्त ते इंजिनीअरांनी केलेलं नव्हतं, गाड्या ट्रकवर चढवणाऱ्या हमालाने हाताने कोंबलं होतं. हँडलिंगमध्ये पहिला नंबर मिळालेली वस्तू म्हणजे रबराचे दोन ठोकळे. बाईंनी लिफ्टखाली उभ्या उभ्या मनसोक्त हसून घेतलं. मग त्या टायसाहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, ती परीक्षेची गाडी ठोकळ्यांसकट फिरून आलीये."

टायसाहेबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर लाज येईल, निदान भीती तरी येईल, अशी बाईंची अपेक्षा होती. तसलं काही आलं नाही.

"कुणाला बोललात?"

"अजून नाही."

"मग नका बोलू. बुकिंग बघितलंत का या आठवड्याचं? लोक येऊन विचारतात, ती रुळावरची गाडी दाखवा. पुढच्या महिन्यात सम्राटांची दुसरी तुलना आहे, ड्राइव्हट्रेनची, म्हणजे चाकांना ताकद कशी पोचते त्याची. याच तीन गाड्या, टेकडीवरच्या कच्च्या रस्त्यावर. ही गाडी आहे तशीच द्यायची. हात लावू नका."

"ठोकळा निसटला तर ब्रेकच्या नळीवर जाऊन बसतो आणि नळी फुटते, साहेब."

"बारा दिवसांत निसटला का?" असं म्हणून साहेबांनी फोन उचलला. संभाषण संपलं, असा त्याचा अर्थ.

बाईंचा त्या तिन्ही गाड्यांबद्दल स्वतःचा निकाल होता आणि तो अठरा सेकंदांत सांगता येण्यासारखा होता. काळी आपली ताकद आधी मागच्या चाकांना देते, ती घसरायला लागली की मग तिला पुढच्यांची आठवण होते. पांढरी चारही चाकांना सतत वाटून देते. ती भरवशाची आहे, आणि कधी दगा देत नाही म्हणूनच गिऱ्हाइकांना कंटाळवाणी वाटते. तपकिरीला पुढे एक आणि मागे एक अशा विजेच्या दोन मोटारी, मधे त्यांना जोडणारा दांडाच नाही. डोकं हुशार, पण अंग जड, आणि वळणावर ते जडपण लपत नाही. आणि या गाड्या घेणारे त्या घेऊन जातात कुठे, तर मुलांच्या शाळेपर्यंत आणि दाताच्या डॉक्टरपर्यंत. वाटेत चिखल दिसला तर गाडी मळेल म्हणून लांबचा वळसा घेतात. डोंगर चढण्याची ताकद विकत घेऊन फूटपाथवर दोन चाकं चढवायची, एवढाच त्या ताकदीचा उपयोग.

हा निकाल बाईंना कुणी विचारत नसे. घरीसुद्धा नाही, आणि खरं दुखणं ते होतं. त्यांचा नवरा शाळेची बस चालवायचा. पंधरा वर्षं, बेचाळीस मुलं, एक ओरखडा नाही. आणि हा माणूस स्टिअरिंगसम्राटाचा पक्का भक्त. त्या संध्याकाळी जेवताना बाईंनी ठोकळ्यांची गोष्ट रंगवून सांगितली. सांगता सांगता त्यांना पुन्हा हसू येत होतं. नवरा हसला नाही.

"त्याला कळलं नसतं का?" तो म्हणाला.

"तेच तर सांगतेय. नाही कळलं."

"अगं, शेकड्याने गाड्या चालवल्यात त्याने. तुझाच काहीतरी घोटाळा झाला असेल. नवीन तऱ्हेचं सस्पेन्शन असेल ते."

"त्यावर लिहिलंय, चालवण्यापूर्वी काढा."

"नऊ लाख माणसं काय मूर्ख आहेत?" हे सासूबाईंनी विचारलं. त्यांनी आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, पण मुलाची बाजू घ्यायची संधीही कधी सोडली नव्हती. बाईंनी पुढचा घास गिळला आणि विषय सोडला. आपण एकोणीस वर्षं गाड्यांखाली झोपून काढली आणि आपल्याच ताटासमोर आपला शब्द एका गॉगल लावलेल्या माणसापुढे हलका पडला, हे त्यांना फार लागलं.

दुसऱ्या तुलनेच्या दिवशी बाई सकाळी तासभर लवकर आल्या. गाडी लिफ्टवर घेतली, दोन्ही ठोकळे काढले, एकेचाळीस कलमं तपासली आणि खाली सही केली. साहेबांची आज्ञा मोडली याचं त्यांना काडीचं वाईट वाटत नव्हतं. उलट आज काय होणार याची मजा वाटत होती. ठोकळ्यांशिवाय ही गाडी वळणावर झुकणार, ब्रेक मारला की नाक खाली घालणार. सम्राट म्हणणार, गाडी बदलली की काय? मग टायसाहेबांना तोंड उघडावं लागणार, आणि घरी एका माणसाला मान खाली घालावी लागणार.

काही बिघडलं तर हाताशी असावं म्हणून कंपनीतर्फे बाईंनाच पाठवलं होतं. त्या तपकिरी गाडीत मागे बसल्या, मांडीवर हत्यारांची पेटी. सम्राट पुढे, समोर कॅमेरा. टेकडीचा रस्ता सुरू झाला. पहिल्याच वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला चांगली झुकली, पेटीतले पाने एका बाजूला सरकले, आणि बाई कान टवकारून पुढे झुकल्या.

"बघितलंत?" सम्राट कॅमेऱ्याला म्हणाला. "तीच ती. अंग हलत नाही. मी मागे बोललो होतो ना, रुळावरून."

बाईंना वाटलं, चेष्टा करतोय. पुढचं वळण आलं, पेटी मांडीवरून घसरली. सम्राट म्हणाला, मागच्या वेळेपेक्षा आज जरा जास्तच घट्ट वाटतेय. पुढे कच्च्या चढावर आडवेतिडवे खड्डे होते. तिथे काळीचं एक चाक हवेत फिरत राहिलं, पांढरी सावकाश वर आली, तपकिरी बरी चढली. त्याचं सगळं श्रेय सम्राटाने तिच्या "घट्ट अंगाला" देऊन टाकलं. चाकं मोकळेपणी वरखाली होत होती म्हणून ती चढली, हे सांगायला मागे बसलेली एकच व्यक्ती होती आणि तिच्याकडे कॅमेरा नव्हता.

त्या कंबरेला काहीच कळत नव्हतं. पहिल्या वेळी कळलं नव्हतं तसंच आताही नाही. माणूस आपलेच जुने शब्द आठवून बोलत होता.

बाई परत आल्या त्या थेट केबिनमध्ये गेल्या आणि त्यांनी दोन्ही ठोकळे टायसाहेबांच्या टेबलावर ठेवले. "सकाळीच काढले होते. तरी तेच बोलला तो. आता तरी कळलं ना, किती पाण्यात आहे?"

साहेबांनी एक ठोकळा हातात घेऊन फिरवून पाहिला. आज्ञाभंगाबद्दल आपली खरडपट्टी निघेल असं बाईंना वाटत होतं, पण साहेब विचारात पडले होते, आणि साहेब विचारात पडले की कुणाचं तरी काम वाढतं किंवा जातं.

"म्हणजे काढले काय, ठेवले काय, फरक कुणालाच कळत नाही," ते म्हणाले. "मग अर्धा दिवस कशाला घालवतो आपण एकेका गाडीमागे? ट्रकवरून उतरली, धुतली, गिऱ्हाइकाला दिली. कागदावर सेल्सची पोरं टिकमार्क करतील."

"मी ब्रेकच्या नळीचं काय सांगितलं होतं?"

"तुम्ही सांगताय. दुसरं कोण सांगतंय?" साहेब वैतागले. "एक माणूस आणा, बाई. वर्कशॉपबाहेरचा. त्याला काही सांगायचं नाही. एक ठोकळेवाली, एक बिनठोकळ्याची, दोन्ही मागच्या आवारात चालवू द्या. त्याने तोंडाने सांगितलं की यात काहीतरी गडबड आहे, तर तुमचा कागद राहील आणि तुमची सहीही राहील. नाही सांगितलं तर एक तारखेपासून तुम्ही पार्ट्सच्या काउंटरवर. शनिवारी चार वाजता."

पार्ट्सचं काउंटर म्हणजे खिडकीतून फिल्टर आणि बल्ब द्यायचे, पावती फाडायची. बाईंनी होकार दिला आणि मग माणूस शोधायला लागल्या. भाऊ गाडी चालवत नव्हता. शेजारच्यांना स्वतःच्या पार्किंगमधून गाडी काढता येत नव्हती. गिऱ्हाइकांकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता. कुणाच्या हाताला आणि बुडाला खरोखर रस्ता कळतो, असा प्रश्न त्यांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारला, आणि जे उत्तर आलं त्याने त्यांचं तोंड कडू झालं. तो माणूस त्यांच्याच घरात बसून सम्राटाचे व्हिडिओ बघत होता.

"शनिवारी आमच्याकडे या. गाडी चालवायला मिळेल," एवढंच त्यांनी नवऱ्याला सांगितलं. ठोकळ्यांची गोष्ट त्याने तेव्हाच घोटाळा म्हणून उडवून लावली होती, आणि ठरल्याप्रमाणे पुढचं काही त्यांनी सांगितलं नाही.

त्याला कोण आनंद. शुक्रवारी संध्याकाळी त्याने तयारी म्हणून दोन्ही व्हिडिओ पुन्हा पाहिले. शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून, बुटांना पॉलिश करून तो चारला दहा कमी असताना फाटकावर हजर होता.

मागच्या आवारात एक फेरी मारता येई एवढी जागा होती. मधे पाण्याच्या नाल्यावरची लोखंडी जाळी, पलीकडे एक गतिरोधक. सारख्याच दोन तपकिरी गाड्या उभ्या होत्या. डावीचे ठोकळे बाईंनी काढले होते, उजवीचे तसेच होते. टायसाहेब हातात तपासणीचा कोरा कागद घेऊन भिंतीपाशी उभे राहिले.

नवऱ्याने आधी डावी घेतली. जाळीवरून गेली, गतिरोधकावरून गेली, पुढचा भाग जरा डुलला आणि स्थिर झाला. उतरून त्याने दार इतकं हळू लावलं की बाईंना त्याची कीव आली. मग उजवी. जाळीवर खणकन आवाज झाला. गतिरोधकावर गाडी आदळली आणि नवऱ्याची हनुवटी छातीकडे गेलेली बाईंना काचेतून दिसली.

"अजून एकेक फेरी मारा," त्या म्हणाल्या. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता.

डावीने तो पहिल्यासारखाच गेला, त्याच वेगात. उजवीत बसला तेव्हा मात्र जाळीच्या बऱ्याच आधी ब्रेकचे दिवे लागले. गतिरोधकापाशी तर गाडी जवळजवळ थांबली. मग त्याने ती तिरकी घेतली, आधी एक चाक, मग दुसरं, अगदी सावकाश. मागच्या बाकावर पहिलीतली पोरं बसलेली असताना खड्ड्यातून बस काढावी तसं. एका फेरीत कळलं होतं त्याला.

नवरा उतरला. त्याने हात मागे बांधले, टायसाहेबांकडे पाहिलं, त्यांच्या टायकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"दोन्ही उत्तम आहेत," तो म्हणाला. "अंग हलत नाही. रुळावरून धावल्यासारख्या."

टायसाहेब हसले. "काही फरक वाटला दोघींत?"

"नाही, नाही. सारख्याच."

"त्यांनी ब्रेक मारला, साहेब," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या फेरीत. फक्त उजव्या गाडीत. तुम्हीही पाहिलंत."

"जपून चालवतात ते. पण तोंडाने सांगायचं ठरलं होतं ना, बाई?" साहेबांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि ते आत गेले.

बाईंनी ओव्हरऑल बदललं, पर्स घेतली. दोघं फाटकाबाहेर पडून रस्त्याच्या कडेने चालू लागले. नवरा खुशीत होता, सीटच्या चामड्याबद्दल बोलत होता. चालता चालताच बाईंनी त्याला विचारलं, "दुसऱ्या फेरीत गतिरोधकावर गाडी तिरकी का घेतलीत?"

"तिरकी घेतली?"

"घेतलीत."

त्याने आठवून पाहिलं. "पहिल्या वेळी धक्का बसला ना कंबरेत. पुढे काहीतरी आखडलंय, असं वाटलं. स्प्रिंगला जागाच नाही खाली जायला."

"मग तिथे का नाही बोललात?"

"तुमचे साहेब उभे होते." तो थांबला. "आणि तो एवढा म्हणालाय की या गाडीत जादू आहे म्हणून. म्हटलं, आपलंच चुकत असेल. आपण काय, बसवाले."

बाईंना वाटलं, याला इथे रस्त्यावरच उभं करून सगळं ऐकवावं. सम्राटाचं, साहेबांचं, ताटासमोरच्या त्या संध्याकाळचं. कित्येक दिवस साठवलेलं सगळं जिभेवर तयार होतं. पण समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर नुसती लाज होती, स्वतःच्या कंबरेवर विश्वास ठेवायचीसुद्धा लाज.

"मी एक तारखेपासून खिडकीत बसणार आहे," त्या म्हणाल्या. "बल्ब विकायला. तुम्ही आत्ता मला जे सांगितलंत ते तिथे सांगितलं असतंत, तर नसते बसले." आणि मग त्यांनी ठोकळ्यांपासून शनिवारपर्यंत काय काय ठरलं होतं, ते सगळं दोनचार वाक्यांत त्याच्यासमोर मांडलं.

नवरा ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले. "ते ठोकळे तसेच राहिले आणि त्यातला एखादा निसटला तर कुठे जाईल?" त्याने विचारलं.

"ब्रेकच्या नळीवर."

"आणि या गाड्या लोक कुठे नेतात?"

"तुम्हाला माहितीये. रोज सकाळी तुमच्या बसच्या मागेपुढे उभ्या असतात. मुलांना शाळेत सोडायला."

तो वळला आणि परत निघाला. पॉलिश केलेले बूट धुळीत आपटत, इतका भरभर की बाईंना त्याच्यामागे जवळजवळ धावावं लागलं. फाटकावरच्या माणसाने अडवलं तरी तो थांबला नाही. टायसाहेब केबिनमधून निघायच्या बेतात होते. त्यांच्या दारात तो उभा राहिला तेव्हा त्याला दम लागला होता.

"साहेब, उजवीकडची गाडी कुणाला देऊ नका," तो म्हणाला. "पुढच्या दोन्ही स्प्रिंगांत काहीतरी अडकवलंय. मघाशीच कळलं होतं मला. खोटं बोललो."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "बाहेर जाऊन पढवून आणलंत की यांना, बाई. आणि तुम्ही कोण हो सांगणारे?"

"मी शाळेची बस चालवतो," तो म्हणाला. "बेचाळीस मुलं असतात मागे. चला, तुम्ही बसा माझ्या शेजारी. मी ती गाडी त्या गतिरोधकावरून बसच्या वेगाने नेतो, आणि मग तुम्हीच सांगा मला काही पढवलंय का ते."

साहेबांनी घड्याळात पाहिलं, टाय सारखा केला, तरी ते दारातून हलले नाहीत. मग त्यांनी खिशातला कागद काढला, त्याची घडी उलगडली आणि शेजारी बसण्याऐवजी, एकेचाळीस कलमं तपासून सही करायला, तो बाईंसमोर धरला.